पट्टी फाडायची वेळ

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिवाणजी काकांचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होते. ते मला सहसा फोन करत नाहीत. दुकानाचं काही असलं तर ते बाबांना सांगतात, बाबा जेवताना आईला सांगतात आणि आई रात्री मला. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघून पोटात गोळाच आला.

"ताई, मशीन गेलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "प्रिंटर पण गेला. रात्री लाइट वरखाली झाली. आता पट्टी कशी द्यायची?"

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं अडत दुकान आहे. मुख्य माल हळद, जोडीला थोडा बेदाणा आणि गूळ. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागते आणि पुढचे दोन-तीन महिने दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सौदा झाला, वजन झालं, की शेतकरी दिवाणजींच्या टेबलासमोर येऊन बसतो आणि त्याला पट्टी मिळते. किती पोती, किती वजन, काय दर, एकूण रक्कम. त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, मोटारभाडं वजा, वर्षाच्या मधल्या नडीला घेतलेली उचल वजा. आणि सगळ्यात खाली, चौकटीत, हातात पडणारा आकडा. नऊ महिने शेतात राबलेल्या माणसाच्या वर्षाचा हिशेब सहा इंच उंचीच्या त्या कागदावर मावतो. तीन प्रती निघतात. पांढरी शेतकऱ्याची, गुलाबी दुकानाची, पिवळी फाइलची. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत या पांढऱ्या पट्ट्या अजून तारेत ओवून खुंटीला टांगलेल्या असतात.

फोन आल्यापासून तीन दिवस काकांनी पट्ट्या हातानं लिहिल्या. त्यांचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे आहे आणि बोटं थरथरतात. तीन प्रतींवर उमटायचं तर बॉलपेन दाबून लिहावं लागतं. शुक्रवारी रात्रीच्या बसनं मी निघाले.

आमच्या दुकानातला तो प्रोग्रॅम १९९६ सालचा. मिरजेचे एक सर होते. ते कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे आणि रविवारी लूनावरून आमच्याकडे यायचे. त्यांनी फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसच्या भाषेत, डॉस या विंडोजच्या आधीच्या व्यवस्थेवर, तो लिहून दिला. सहा महिने ते काकांच्या शेजारी बसून फक्त बघत होते, असं बाबा सांगतात. कोणता आकडा आधी लिहितात, कुठे थांबतात, उचलीचं व्याज कसं मोडतात, दोन भावांच्या नावावर एकच गाडी आली तर भाडं कसं वाटतात. मग त्यांनी जे केलं ते काकांच्या हाताला असं बसलं की काका आजही स्क्रीनकडे न बघता पट्टी टाकतात. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनात चोपड्यांच्या शेजारी कीबोर्ड ठेवला होता. प्रिंटरला हळद-कुंकू लावलं होतं आणि त्यातून पहिला कागद निघाला त्यावर फक्त 'श्री' होतं, तेही रोमन अक्षरांत.

रोमन अक्षरांत, कारण त्या काळी डॉसवर मराठी आणायचं तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवावं लागायचं आणि ते आम्हाला परवडणारं नव्हतं. सरांनी वाट काढली. पट्टीचा कोरा नमुना मराठीतून छापखान्यात छापून घ्यायचा: वर दुकानाचं नाव, मग 'हमाली', 'तोलाई', 'उचल' अशा चौकटी, बाजूला प्रिंटरचे कागद ओढणारे दाते अडकायची भोकं. मशीननं त्या चौकटींत फक्त आकडे टाकायचे आणि वर शेतकऱ्याचं नाव. म्हणजे मराठी छापखान्याची आणि आकडे मशीनचे. दोघांची गाठ कागदावर पडायची.

ही गाठ नीट पडणं किती मोलाचं आहे ते मला लहानपणी कळलं नव्हतं. मला आवाज तेवढा आठवतो. शाळा सुटली की मी दुकानात गादीवर लोडाला टेकून गृहपाठ करायची. समोर प्रिंटरचं नऊ पिनांचं ते डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे कर्र कर्र करत जायचं. आकडा मोठा असला की जास्त वेळ करकरायचं. शेवटी एक बारीक 'टीं' व्हायचं. आणि त्याच क्षणी काका, कुणाशी काही बोलत असले तरी मान न वळवता, स्टीलची फूटपट्टी कागदाच्या छिद्रांवर धरून पट्टी फाडायचे.

शनिवारी सकाळी दुकानात पोचले तर नवं मशीन टेबलावर होतं. नवा प्रिंटरही होता, नऊ पिनांचाच, यूएसबीच्या तारेचा. तीन प्रती एकदम उमटवायच्या तर पिनांनी ठोकणारं यंत्रच लागतं, लेझरचं तिथे काम नाही. जुन्या मशीनची हार्ड डिस्क वाचली होती. प्रोग्रॅमचं फोल्डर नव्या मशीनवर घेतलं आणि चालू केलं. विंडोज ११ नं सांगितलं की हे अ‍ॅप तुमच्या मशीनवर चालू शकत नाही, चालणारी आवृत्ती हवी असेल तर प्रकाशकाला विचारा.

काकांनी विचारलं, "काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "सरांना विचारा म्हणतंय."

सर जाऊन काही वर्षं झाली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

प्रोग्रॅम का चालत नाही याचं कारण चिपपर्यंत जातं. डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटांचे. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ चिपमध्ये अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी एक सोय होती: नव्या व्यवस्थेच्या आतच जुन्या ८०८६ चा एक आभासी कोपरा उघडायचा. विंडोजचे ३२-बिट अवतार ती सोय वापरून डॉसचे प्रोग्रॅम चालवत आले. चिप ६४ बिटांच्या रीतीनं चालायला लागली की तो कोपरा बंद होतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं. ३२-बिट विंडोज १० मध्ये अजूनही तो दरवाजा उघडतो. एक-दोन ओळींची 'नेट यूज एलपीटी-१' ही आज्ञा दिली की यूएसबीचा प्रिंटरही जुन्या पोर्टच्या, म्हणजे तार जोडायच्या जुन्या खाचेच्या, नावाला ओ देतो. यार्डातल्या काही दुकानांत तसं चालूही आहे. पण त्या विंडोजचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर मला ते बसवायचं नव्हतं.

नवं सॉफ्टवेअर घ्या, असं मला तीन जणांनी सुचवलं आणि सूचना चुकीची नव्हती. पुण्यात मी तेच काम करते. नवं लिहायला मला आवडलंही असतं. पण हंगामाच्या मध्यात पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातून त्याची कळफलकावरची वाट काढून घेणं मला पटेना. आणि खरं सांगायचं तर त्या प्रोग्रॅममध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत त्याची बेरीज एकदाही चुकलेली नाही.

मी डॉसबॉक्स-एक्स उतरवून घेतला. मूळ डॉसबॉक्स जुने खेळ खेळता यावेत म्हणून निघाला आणि त्यात छपाईची सोय नाही. त्याच्या या फाट्यात ती आहे. हा आजच्या मशीनच्या आत एक संपूर्ण जुनं मशीन उभं करतो. चिप, पडदा, कळफलक, प्रिंटरचं पोर्ट, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. काकांना ते कसं समजवावं असा विचार करत होते, तर सांगलीजवळचं हरिपूर आठवलं. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. वर तोंड लहान, आत पोट मोठं. तोंड बंद केलं की आतली हवा बाहेरच्या हवेशी संबंध ठेवत नाही आणि हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. मी म्हटलं, "काका, हे पेव आहे. आत अजून १९९६ ची हवा आहे. बाहेर काहीही होवो, आत सरांना कळणार नाही."

"मग आत उतरायच्या आधी जरा उघडं ठेवा की," काका म्हणाले. आत हवा कोंडलेली असते, म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोघंही हसलो. निळा पडदा आला. काकांनी तीन कळा दाबल्या आणि शेतकऱ्यांची यादी उघडली. सगळी नावं जिथल्या तिथे होती. अर्ध्या तासात झालं. मला वाटलं, दुपारी जेवून परत जाता येईल.

पट्टी छापायची कळ दाबली आणि प्रोग्रॅम म्हणाला, प्रिंटर तयार नाही.

इथून पुढे रविवार संध्याकाळपर्यंत जे चाललं ते सांगायचं तर आधी छपाईबद्दल थोडं सांगायला हवं. सरांच्या काळी प्रोग्रॅम आणि कागद यांच्या मध्ये जवळपास कुणी नव्हतं. प्रोग्रॅम पोर्टावर एकेक आकडा ठेवायचा, शून्य ते दोनशे पंचावन्नपैकी एक, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर तो उचलायचा. ६५ आला की 'ए' हे अक्षर. १५ आला की इथून पुढे दाटीनं लिही, म्हणजे आठ इंचांत ८० ऐवजी १३२ अक्षरं आरामात मावतील. १२ आला की पान बाहेर काढ. २७ आला की थांब, पुढचा आकडा अक्षर नाही, हुकूम आहे. हे हुकूम एप्सनच्या एमएक्स-८० या प्रिंटरच्या काळापासून, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून, रूढ झाले. इतर कंपन्यांनी तेच उचलले आणि आज दुकानातून आणलेला नऊ पिनांचा प्रिंटरही तीच भाषा बोलतो. हे मला फार सुंदर वाटतं. चिप बदलली, पडदा बदलला, तार बदलली. दोन टोकांना उभे असलेले दोघं, सरांचा प्रोग्रॅम आणि हा नवा प्रिंटर, एकमेकांची भाषा अजून पुरती जाणतात. मधला रस्ता तेवढा राहिलेला नाही.

तो रस्ता बांधायचा होता.

पहिला मार्ग सोपा दिसला म्हणून घेतला. डॉसबॉक्स-एक्सच्या आतच एक आभासी प्रिंटर आहे. तो सरांचे हुकूम वाचतो, त्यांचा अर्थ लावतो, मनातल्या मनात पानाचं चित्र काढतो आणि ते चित्र विंडोजला देतो. विंडोज ते ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला देतं, ड्रायव्हर प्रिंटरला. पट्टी निघाली. पण अक्षरं प्रिंटरची नव्हती, चित्रातली होती. एकेका ओळीवरून डोकं दोन-दोनदा फिरत होतं. एका पट्टीला लागणारा वेळ बघून काकांनी घड्याळाकडे पाहिलं. त्याहून वाईट म्हणजे त्यानं पान पूर्ण लांबीचं धरलं. आमची पट्टी सहा इंचांची. एक पट्टी छापून त्यानं पुढची कोरीच्या कोरी बाहेर ढकलली आणि तिसरी अर्ध्यात आणून ठेवली. आमच्या पट्ट्यांवर छापखान्यातून अनुक्रमांक येतात, वाया गेलेल्या प्रत्येकीवर 'रद्द' लिहून ती जपून ठेवावी लागते. काकांनी दोन कोऱ्या पट्ट्यांवर लाल पेननं रद्द लिहिलं. ते काही बोलले नाहीत, तरी मला ते टोचलं.

मग माझ्या लक्षात आलं की मी फार मध्यस्थ उभे केले होते. आणि प्रत्येक मध्यस्थ आपापली समज त्यात घालत होता.

मी अडत्याची मुलगी आहे. मध्यस्थ या शब्दाला लोक कसे बघतात ते मी लहानपणापासून ऐकत आले. बाबांना दलाल म्हटलेलं अजिबात खपत नाही. ते म्हणतात, माल माझा नाही आणि पैसा माझा नाही. काट्यावर जे वजन आलं ते जसंच्या तसं पुढे जायला पाहिजे, तेवढ्यासाठी मी इथे बसलोय. शनिवारी रात्री मला जे हवं होतं ते नेमकं हेच: आकडे घेणारा आणि न उघडता, न वाचता, जसेच्या तसे पुढे देणारा कुणीतरी.

तशी सोय आहे. आभासी पोर्टावर आलेले आकडे छापायच्या ऐवजी नुसते एका फाइलमध्ये साठवता येतात. विंडोजमध्ये प्रिंटरला 'फक्त मजकूर' असा साधा ड्रायव्हर द्यायचा, तो प्रिंटर त्याच मशीनवर शेअर करायचा (मी त्या शेअरला 'पट्टी' हेच नाव दिलं) आणि साठवलेली फाइल 'कॉपी' या आज्ञेनं त्या शेअरवर ओतायची. आज्ञेत 'स्लॅश बी' घालायचं, म्हणजे आकड्यांचा अर्थ लावू नकोस, बाइट जसे आहेत तसे ने. ते घातलं नाही आणि वाटेत कुठे २६ हा आकडा आला तर कॉपी तोच शेवट समजून थांबू शकते. फाइल तयार झाली की ही आज्ञा आपोआप चालवायची एक चार ओळींची बॅच फाइल लिहिली.

छापील पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून रविवारी सकाळी आधी साध्या कागदावर रोजमेळ, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाचा हिशेब, काढून पाहिला. रोजमेळात चौकटी असतात, आडव्या-उभ्या रेघांनी आखलेल्या. कर्र कर्र सुरू झालं, पूर्वीच्याच वेगानं, आणि काका खुर्चीतून अर्धे उठले. कागद वर आला. आकडे सगळे बरोबर. पण रेघांच्या जागी ओळभर 'डी', 'डी', 'डी', 'डी'. तिरके डी. आणि प्रत्येक उभ्या रेघेच्या जागी एक तिरका तीन.

रेघ म्हणजे आकडा १९६. आयबीएमच्या मूळ पीसीपासून चालत आलेल्या अक्षरसंचात १९६ म्हणजे आडवी रेघ आणि १७९ म्हणजे उभी. पण या प्रिंटरांत आणखी एक जुना संच असतो, त्यात १२८ च्या पुढे खालचीच अक्षरं तिरकी करून पुन्हा मांडलेली असतात. १९६ वजा १२८ म्हणजे ६८, आणि ६८ म्हणजे 'डी'. नवा प्रिंटर कारखान्यातून त्या संचावर लावून आला होता. तीच फाइल मी विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली तर तिथे १९६ चा झाला होता डोक्यावर दोन टिंबं असलेला 'ए'. एकच आकडा, तीन ठिकाणी तीन वाचनं. सरांनी मात्र रेघ म्हणून पाठवला होता. प्रिंटरच्या बटणांवरून अक्षरसंच बदलला आणि पुढच्या कागदावर चौकटी उभ्या राहिल्या. काकांनी रेघेवरून बोट फिरवलं.

मग पट्टीची फाइल. ती छापायच्या आधी मी तिच्यातले आकडे एकेक करून पडद्यावर बघितले. आता कारण आठवत नाही. बहुतेक आणखी एक कोरी पट्टी रद्द व्हायला नको म्हणून. सुरुवातीला २७, ६४: मागचं सगळं विसर, नव्यानं सुरू कर. मग २७, ६७, ३६: पान छत्तीस ओळींचं. सहा इंच, इंचाला सहा ओळी. म्हणजे पानाची लांबी सरांनी प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला स्वतः सांगून ठेवली होती. काल मधल्यांनी ती ऐकली नव्हती. त्यानंतर १४, आणि मग शेतकऱ्याचं नाव. चौदा म्हणजे ही ओळ दुप्पट रुंद. सगळ्या पट्टीत दुप्पट रुंदीचं एकच काही आहे, ज्याचा माल आहे त्याचं नाव. शेवटची रक्कम ठळक आहे, पण मोठी नाही. त्या माणसाला मी फार तर दहा-बारा वेळा पाहिलं असेन, दुकानाच्या दारात लूना स्टँडला लावताना. कॉम्प्युटरवाले सर, एवढीच ओळख. आता त्यांचं अक्षर वाचत होते असं वाटलं.

अगदी शेवटी, पान बाहेर काढणाऱ्या १२ च्या नंतर, एक सुटा ७ होता.

सात हा अक्षराचा आकडा नाही. तो घंटीचा. टेलिप्रिंटरच्या काळात तिकडच्या टोकाच्या माणसाला हाक मारायला तो वापरायचे. मी काकांना विचारलं, "पट्टीच्या शेवटी सरांनी घंटी का घातली होती?"

"मीच सांगितलेलं," काका म्हणाले. "सौदे चालू असले की हितं काय ऐकू येतंय? हमालांची ओरड, गाड्या, फोन. पट्टी पुरी झाली का नाही ते कळायचं नाही. एकदा मी निम्म्यातच फाडली. खालची रक्कमच नाही आली. त्यो माणूस तसाच गावाला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला बिचारा, एवढं यष्टीचं भाडं घालून. सरांना म्हणालो, काहीतरी करा, कागद माझा झाला असं त्यानं मला सांगितलं पाहिजे. तर त्यांनी दुसऱ्या रविवारी आवाज आणून दिला."

काल चित्र काढणाऱ्या प्रिंटरनं तो सात गिळला होता. चित्रात आवाज कुठून येणार? आणि काल पट्टी निघाली तेव्हा काका फूटपट्टी हातात धरून नुसते बघत का उभे राहिले होते, ते मला तेव्हा उमगलं.

मी छापील कागद चढवला आणि फाइल सोडली. नाव मोठं आलं. आकडे आले. पान बरोबर छत्तीस ओळींवर थांबलं आणि दुकानात, रविवारच्या शांततेत, 'टीं' वाजलं. काकांचा हात पुढे गेलासुद्धा होता. मग ते थांबले, कारण पट्टी चुकीची होती. सगळे आकडे एक ओळ खाली उतरले होते. हमालीचा आकडा तोलाईत, तोलाईचा भाड्यात, उचल खालच्या कोऱ्या जागेत. प्रत्येक आकडा खरा आणि पट्टी खोटी.

"पोरी, हे पैशाचं कागद हाय," ते म्हणाले. एरवी ते मला ताई म्हणतात. "एक ओळ बी हलून चालायची नाही."

हे मात्र त्यांचंच काम होतं, मी नुसती बाजूला उभी राहिले. कागद चढवल्यावर नवा प्रिंटर त्याच्या समजुतीप्रमाणे पहिल्या ओळीशी थांबत होता. जुन्याची सुरुवात एक ओळ वर होती. काकांनी कागद सोडवला, दात्यांवर परत बसवला, डोक्याच्या खालची छिद्रांची रेघ डोळा बारीक करून पाहिली. बटण दाबून केसभर वर, केसभर खाली. साध्या कागदावर छापून ती पट्टी कोऱ्या पट्टीवर ठेवून उजेडात धरली. सहाव्या वेळी आकडे चौकटींच्या मधोमध बसले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि प्रिंटरच्या पांढऱ्या अंगावर, कागदाच्या कडेशी, एक निळी खूण केली. जुन्या प्रिंटरवरही तशी खूण होती, मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.

सोमवारी सौदे. मी परत जायचं तिकीट पुढे ढकललं होतं, आणि बरं झालं. अकराच्या सुमाराला काकांनी मला हाक मारली. एकाच शेतकऱ्याच्या एकाच मालाच्या दोन पट्ट्या निघाल्या होत्या.

चूक माझी होती आणि ती शांततेच्या मोजमापाची होती. डॉसचा प्रोग्रॅम प्रिंटरला कधी सांगत नाही की माझं झालं. तो आकडे पाठवतो आणि पाठवायचा थांबतो. जुन्या प्रिंटरला त्याची गरज नव्हती. तो येईल तो आकडा तिथल्या तिथे छापत जायचा. आता मध्ये फाइल आहे, आणि ती कधी बंद करायची हे कुणीतरी ठरवायला हवं. अमुक वेळ एकही आकडा आला नाही तर संपलं असं समज, एवढंच सांगता येतं. रविवारी रोजमेळ काढताना मी अर्धा सेकंद दिला होता, तर बेरजा करायला प्रोग्रॅम मध्येच थबकला आणि रोजमेळाचे दोन तुकडे झाले. म्हणून घाबरून दहा सेकंद केले. दहा सेकंद रिकाम्या दुकानात जाणवत नाहीत. समोर पाच माणसं बसलेली असताना, हातात फूटपट्टी घेऊन, कर्र कर्र सुरू व्हायची वाट बघत दहा सेकंद काढणं वेगळं. काकांना वाटलं, कळ लागली नाही. त्यांनी परत दाबली.

एका पट्टीवर रद्द लिहिलं. मी तिथेच उभी राहून पाच-सहा पट्ट्या आणि एक मोठा रोजमेळ मोजून पाहिला. प्रोग्रॅमचा सगळ्यात लांब थबका दोन सेकंदांच्या आतला होता. तीन सेकंद ठेवले. काकांना सांगितलं, "कळ दाबल्यावर मनात तीन म्हणा, मग सुरू होईल."

"राम, राम, राम," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

बाबांनी आत चहा मागवला होता. मी आतल्या खोलीत पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले. हळदीचा वास नाकातून घशात उतरला होता. बाहेर कुणी दरावरून बोलत होतं, एक टेम्पो मागे घ्यायला हॉर्न वाजवत होता, हमाल 'हा हा हा' करत पोतं फिरवत होते. त्या सगळ्यातून कर्र कर्र ऐकू आलं. मी कप तसाच हातात धरला. आकडा मोठा असावा, बराच वेळ चाललं. मग टीं. आणि त्याच्या मागोमाग, जराही न थांबता, फूटपट्टीवर कागद फाटल्याचा आवाज.